अल्याडची मादी, पल्याडचा नर

पापडीत चर्चच्या मागच्या अंगाला, केळीच्या वाडीला पाठ लावून एक कौलारू खोली उभी होती. पूर्वी तिच्यात सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, ठेवत. भिंतींना अजून तो जुना गोडसर वास होता. आता तिच्यात डास पाळत.

हंसा तिथं कामाला जाते म्हटल्यावर चिंचआळीतल्या बाया पदराआड हसल्या. "वसईभर फुकट मिळतात गो, ते पाळायला कशाला पायजेत?" पण अठ्ठ्याण्णव सालच्या शिमग्यापासून हंसा रोज सकाळी आठाला ते कुलूप उघडत होती, ते गणपती आले आणि गेले तरी उघडतच होती.

खोलीला दोन दारं होती, एकामागे एक, आणि मध्ये माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला पहिला नेम. डास निसटू नयेत म्हणून. त्या हातभर अंधारात हंसा रोज क्षणभर थांबे. मागचं बंद, पुढचं अजून उघडलेलं नाही. तिला त्या जागेची सवय करून घ्यावी लागली नाही. नवखारच्या सासरहून माहेरी परत आली त्याला पंधरा वर्षं झाली होती, आणि पंधरा वर्षं ती तशाच जागेत उभी होती.

आत फळ्यांवर पिंजरे होते. तारेचा चौकोनी सांगाडा, वर मच्छरदाणीचं कापड, एका बाजूला हात घालायला कापडी बाही. खाली पांढऱ्या तबकांत पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. अळीचा कोष झाला की हंसाचं खरं काम सुरू होई. नराचा कोष बारीक, मादीचा जरा भरलेला. फरक मोहरीच्या दोन दाण्यांत असतो तेवढाच. काचेच्या नळीनं एकेक उचलून नर इकडे, मादी तिकडे करायचे. तरुणपणी मोगऱ्याच्या कळ्या खुडून बोटं अशी तयार झाली होती की हजारांत एक चुकायचा नाही.

"हंसाताई, तुमच्या बोटांना डोळे आहेत," संपदा मॅडम म्हणायच्या.

संपदा तिशीची, मूळची रत्नागिरीकडची, आता एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी. मुंबईच्या एका संस्थेसाठी ती डासांवर प्रबंध लिहीत होती. गावोगावच्या गटारांतले डास आणायचे, वेगवेगळे वाढवायचे आणि एका गावचा नर दुसऱ्या गावच्या मादीला देऊन अंडी फुटतात का बघायचं, असा तिचा उद्योग. पिंजऱ्यांवर तिनं नुसते आकडे घातले होते. पण हंसाला आकड्यांत जीव वाटेना. एक नंबर चिंचआळीच्या गटारातला आणि दोन नंबर नवखारच्या मिठाच्या आगरातला, म्हणून तिनं एकाला म्हटलं अल्याडचे आणि दुसऱ्याला पल्याडचे. पुढे मॅडमही तसंच म्हणू लागल्या. त्या नावांनीच पुढचं सगळं झालं.

चिंचआळी खाडीच्या अल्याड, भातशेतीचं गाव. नवखार पल्याड, जरा खाली समुद्राच्या तोंडाशी, मिठागरांचं. दोन्हीकडे एकच जात, एकच देव, जेवणात तीच बोंबलाची आमटी. पण एक रीत होती, आणि ती कधीपासून ते कुणाला सांगता येत नव्हतं. नवखारची मुलगी चिंचआळीत सून म्हणून यायची. चिंचआळीची मुलगी नवखारला द्यायची नाही. दिली तर तिची कूस उजवत नाही, म्हणत. कुणी म्हणे देवीचा कोप आहे. कुणी म्हणे, नवखारहून येणारी नवरी भरतीच्या पाण्यावर येते. तिकडे जायचं तर ओहोटीवर जावं लागतं, आणि ओहोटीवर नवरी न्यायची नसते.

म्हणून चिंचआळीत घरोघरी आजी नवखारची, आई नवखारची, सून नवखारची. लग्नातली गाणीसुद्धा त्यांनीच आणलेली. नवऱ्यामुलाच्या मांडवात बाया गात:

भरतीच्या पान्यावर होडी आली अल्याड गो,
मायेचा उंबरा माजा राह्यला पल्याड गो.

चिंचआळीच्या लेकी मात्र आगाशीला, विरारला, कुठं कुठं दूर जात आणि त्यांच्यावर गाणं नसे.

रीत एकदाच मोडली. हंसाच्या थोरल्या भावाची, काशीरामची बायको जयवंती नवखारची. ती आल्यावर चार वर्षांनी तिच्या माहेरच्यांनी शब्द टाकला, आम्ही पोर दिली, आता तुम्ही द्या. बापानं हंसा दिली, जयवंतीच्या मामेभावाला, हरेश्वरला. ओहोटी नको म्हणून वऱ्हाड भरतीच्या विरुद्ध वल्ही मारत गेलं. हंसाचा शालू कमरेपर्यंत भिजला. धक्क्यावर बाया उभ्या होत्या, पण त्या बाजूला जायचं गाणंच नव्हतं. सगळ्या गप्प राहिल्या. तीन वर्षांनी हंसा रिकाम्या ओटीनं परत आली आणि रीत होती त्याहून घट्ट झाली. गावात कुणी रीतीबद्दल शंका काढली की लोक काही बोलत नसत. नुसते काशीरामच्या घराकडे बघत.

आणि आता काशीरामचीच मुलगी, निधी, एकवीस वर्षांची, वसईला एका वकिलाकडे टायपिंग करणारी, नवखारच्या कल्पेशशी लग्न करते म्हणत होती. कॉलेजपासूनचं होतं. मुलगा वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर, घर चांगलं, माणसं चांगली. काशीराम सहा महिने नाही म्हणाला, मग गप्प बसला, मग गणपतीत "बघू" म्हणाला. त्याच्या तोंडचं "बघू" म्हणजे अर्धा होकार. येत्या रविवारी तो नवखारला जाऊन शब्द देणार होता.

त्याच्या आधीच्या शुक्रवारची ही गोष्ट.

रात्रीची जेवणं चालली होती. हंसा घरी आली की डासांच्या गोष्टी सांगायची आणि घर हसायचं. तेवढाच तिचा त्या घरात मान. त्या दिवशी तर ती आनंदानं भरून आली होती, कारण तिनंच मांडलेल्या कोषांवरचा मोठा प्रयोग पुरा झाला होता.

"वहिनी, आज काय बघितलं सांगू?" भात कालवता कालवता ती म्हणाली. "पल्याडची मादी घेतली, अल्याडचा नर दिला. अंड्यांचा तराफा घातला तिनं पान्यावर, दोन दिसांत सगळी फुटली. वळवळ नुसती! आनि उलटं केलं. अल्याडची मादी, पल्याडचा नर. तराफा तसाच, एवढाच, काळाभोर, देखना. पन एक फुटलं नाय. चाळीस तराफे! सगळी अंडी पोकळ."

ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाही.

काशीरामचा हात ताटात थांबला होता. "कंचा नर म्हनालीस?"

"अरे दादा, ती आपली मी ठेवलेली नावं..."

"नवखारचा ना? आनि मादी आपल्या गटारातली?"

"हो, पन..."

"ती बाई शिकलेली हाय ना? दुर्बिनीतनं बघते ना?" त्यानं ताट सारलं. "आमच्या म्हाताऱ्यांना बिनदुर्बिनीचं दिसत व्हतं म्हनायचं."

निधी उठली. "बाबा, तुम्ही सीरियसली डासांवरून ठरवणार?"

"डासावरून नाय. ही समोर बसलीय तिच्यावरून." हंसाकडे बोटही न करता तो म्हणाला. "आता सायन्स पन तेच सांगतंय."

रविवारी काशीराम नवखारला गेला नाही.

निधी दोन दिवस आत्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर कपडे आपटता आपटता म्हणाली, "आत्या, मी बाबांना सहा महिने पटवत होते. तू एका जेवणात संपवलंस." आवाजात राग असता तर हंसाला सोसला असता. राग नव्हता, नुसती दमणूक होती. त्या वयात तशी दमणूक हंसानं एकदाच पाहिली होती, नवखारच्या घरातल्या आरशात.

त्या सकाळी दोन दारांमधल्या अंधारात ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग आत जाऊन संपदाला म्हणाली, "मॅडम, मानसांत असं असतं का?"

संपदा आधी हसली, मग सगळं ऐकल्यावर हसायची थांबली. तिनं स्टूल ओढलं. "ऐका. माणसांत हे नसतं. डासांतसुद्धा हा रक्ताचा दोष नाहीच. पल्याडच्या डासांच्या अंगात एक जंतू राहतो, बिऱ्हाडकरूसारखा. चावत नाही, आजारी पाडत नाही."

"भाडं पन देत नसेल."

"भाडं नाही आणि घर सोडायचं नाव नाही. आमच्या सोसायटीत आहेत तसे दोन." दोघी हसल्या. "तो फक्त आईकडून पोरांत जातो. बापाकडून नाही. पण बापाच्या अंगात तो असला की बीज असं बिघडवून ठेवतो, की ज्या मादीच्या पोटात तोच बिऱ्हाडकरू नाही, तिची अंडी मरतात. पल्याडच्या मादीच्या पोटात तो असतोच, म्हणून तिची कुणाहीकडून फुटतात. अल्याडच्या मादीत काही कमी नाही, हंसाताई. तिला तिच्या गावचा नर द्या, दोनशेच्या दोनशे फुटतील."

"काही कमी नाय," हंसा हळूच म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातल्या मोठ्या पिंजऱ्याकडे पाहिलं. त्यात उन्हाळ्यात अल्याड-पल्याडचे निम्मे निम्मे सोडले होते आणि आपापले वाढू दिले होते. "मग त्या सरमिसळीचं काय झालं?"

"तेच तर मी लिहितेय. दर पिढीला अल्याडच्या आयांची निम्मी अंडी वाया जातात, पल्याडच्यांची एकही नाही. आज तिथला कुठलाही डास घ्या, रंगरूप दोन्ही गावांचं मिसळलेलं आहे. पण त्याची आई, तिची आई, तिची आई बघत गेलात तर सगळ्या पल्याडच्या. अल्याडच्या आयांची ओळच उरली नाही."

हंसा त्या पिंजऱ्यापाशी बराच वेळ बसली. आपल्या आळीतल्या बाया तिनं मनात एकेक उभ्या केल्या. या घरची नवखारची, त्या घरची नवखारची. चिंचआळीत जन्मलेली आणि चिंचआळीतच राहिलेली केस पांढरे व्हायला लागलेली बाई एकच होती, आणि ती राहिली होती कारण तिला परत धाडलं होतं.

"मॅडम, तो बिऱ्हाडकरू काढता येतो का?"

"येतो. अँटिबायोटिकनं."

"मग काढून दाखवा. मला घरी न्यायचंय."

संपदानं औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणल्या. पल्याडच्या अळ्यांच्या पाण्यात पिवळी पूड विरघळली. मोठ्या झालेल्या माद्यांतूनही बिऱ्हाडकरू पुरता जावा म्हणून आणखी एक पिढी तसंच केलं. तीन आठवड्यांचं काम सहा आठवड्यांवर गेलं. तोवर नवरात्र गेलं, दिवाळीचे कंदील लागले आणि उतरले. कल्पेशच्या घरून दोनदा निरोप आला. काशीराम "बघू" म्हणाला, पण हे "बघू" वेगळं होतं. आगाशीच्या एका स्थळाची पत्रिका देव्हाऱ्यात येऊन पडली होती.

मग एका सकाळी, अल्याडच्या माद्यांच्या तबकात, बिऱ्हाडकरू काढलेल्या पल्याडच्या नरांपासून झालेली अंडी फुटली. तांदळाच्या अर्ध्या कणीएवढा तराफा, त्याच्या बुडाखालून धुळीसारखे जीव पाण्यात उतरत होते. हंसानं ते पाणी स्टीलच्या डबीत घेतलं, पदराखाली धरून चिंचआळीपर्यंत चालत आली आणि ओट्यावर बसलेल्या भावासमोर डबी उघडली.

काशीरामनं चष्मा लावला. बघितलं. चांगला वेळ बघितलं.

"हे पल्याडच्या नराचं?"

"हो. जंतू व्हता त्याच्यात. काढला नि फुटली."

"म्हंजे औषध दिलं तवा."

"हो."

"म्हंजे दोष व्हताच." त्यानं डबीला झाकण लावलं आणि तिच्याकडे सरकवली. "आनि मानसाला कोन कॅप्सूल देनार? हंसा, तू भोळी हायस. डास सोड. तुझं काय? तू काय डास व्हतीस? तीन वरसं नांदलीस. तुझी का नाय उजवली?"

हंसाच्या ओठांवर उत्तर आलं. पंधरा वर्षं ते तिथंच होतं, दाराच्या मागच्या खुंटीवर टांगलेल्या पिशवीसारखं. तिनं ते परत गिळलं, कारण ते एकटीचं नव्हतं. डबी उचलून ती आत गेली. मागून काशीरामचा आवाज आला, "परवा रविवारी आगाशीला जाऊन येतो. नवखारला नाय म्हनून सांगून टाकू."

दुसऱ्या दिवशी ती नवखारला गेली. पंधरा दिवसांनी एकदा तिला तिकडच्या आगरातल्या चरातून अळ्या आणाव्याच लागत, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. हरेश्वर नेहमीप्रमाणे बांधावर होता. पन्नाशीला टेकलेला, उन्हानं रापलेला, एकटा. ती काम करू लागल्यापासून बाटली तोच भरून द्यायचा. कुठल्या चरात अळ्या दाट आहेत ते त्याला ठाऊक असे. ते फारसं बोलत नसत. लग्नातही फारसं बोलले नव्हते. पण तेव्हाही रोज संध्याकाळी तो आगरावरून येताना तिच्यासाठी काहीतरी आणायचा, दोन चिंबोऱ्या, करवंदं, एकदा वाहून आलेलं निळं काचेचं भिंग. ते उंबऱ्यावर ठेवायचा आणि मिठाची राखण करायला म्हणून आगरावरच्या खोपटीत निजायला जायचा. पहिल्याच दिवशी त्यानं हात जोडले होते. मला जमनार नाय, तुझा काय दोष नाय, पन कुनाला सांगू नको. तिनं मान हलवली होती. एकोणीस वर्षांची होती ती. मान हलवणं किती लांब जातं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"निधीचं लगीन मोडतंय," ती म्हणाली. "माज्यामुळं."

हरेश्वर बाटली बुडवत राहिला. बुडबुडे वर आले. "कळलं मला."

"मला सांगावं लागंल."

वाऱ्यावर खारट वास होता. पांढऱ्या ढिगांवरून ऊन डोळ्यांत येत होतं. त्यानं बूच घट्ट लावलं, बाटली पुसली आणि तिच्या हातात दिली.

"मी मेलो असतो तर सांगितलं असतंस?"

"नाय."

"ठाव हाय मला. मेल्यावर पन तू माजा शब्द मोडला नसतास." तो खाली बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. "सांग. आमच्या पोराचं पन लगीन हाय ते, कल्पेश माज्या हातावर वाढला. एकच कर, हंसा. मी वाईट व्हतो असं सांगू नको."

"मी कधी म्हनाले का?"

रविवारी दुपारी जयवंती मागच्या पडवीत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. काशीराम आगाशीला जायला इस्त्रीचा सदरा घालून उभा. निधी दाराला टेकून, हातात काहीच नसताना काहीतरी धरल्यासारखी.

"दादा, जाऊ नको," हंसा म्हणाली.

"आता काय डबी आनलीस?"

"डबी नाय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हरेश्वरानं मला कधी हात लावला नाय."

सोड्यांवरचा जयवंतीचा हात थांबला.

"तीन वरसं मी घरात निजले नि तो आगरावर. मानूस वाईट नव्हता. त्याला बायकोची ओढ नव्हती, एवढंच. माझी कूस उजवली नाय कारन कुनी तिच्या वाटेला आलंच नाय. रीतीचा काय संबंध नाय. भरतीचा नाय, ओहोटीचा नाय."

"गप बस," काशीराम म्हणाला. "पोर समोर हाय."

"पोरीसाठीच सांगते."

"मग तवा का नाय बोललीस? पंधरा वरसं?"

"तू इचारलं नाय. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राह्यले तवा तू म्हनालास, ये, घर तुजंच हाय. बोललास आनि दार लावून घेतलंस. मायेनंच लावलंस. मग मी कुटं बोलू?"

काशीरामनं बायकोकडे पाहिलं, जणू ही वेडी झाली असं तिनं तरी म्हणावं. जयवंतीनं सुपातले सोडे एका बाजूला केले. निवडलेले, न निवडलेले एकत्र झाले तरी तिला कळलं नाही.

"ती खरं बोलते," ती म्हणाली. "मला ठाव व्हतं."

निधी दारापासून आत आली तरी जयवंती सुपाकडे बघतच बोलत राहिली.

"माज्या मामाचा पोरगा तो. नवखारच्या समद्या बायांना ठाव व्हतं. आई म्हनाली, लगीन लावलं की मार्गाला लागंल. नवखारची पोर कोन देनार, सगळ्यांना म्हाईत. म्हनून अल्याडची मागितली." तिनं हंसाकडे बघितलं नाही. "हिचं नाव मी सुचवलं. मग ही परत आली. मी बोलले असते तर तुम्ही मला पन धाडली असती, माज्या पदरात सहा वरसांची पोर व्हती."

"आई..." निधी म्हणाली.

हंसा भिंतीला टेकली. पंधरा वर्षं ती आणि वहिनी एका चुलीवर रांधत होत्या, एकीच्या केसांना दुसरी तेल लावत होती. जे ती एकटीनं उचललंय असं तिला वाटत होतं, त्याचं दुसरं टोक सगळा वेळ समोरच्या बाईच्या हातात होतं. गाणी नवखारहून आली होती, सोड्यांचं कालवण नवखारहून आलं होतं. गप्प बसणंही तिकडूनच आलं होतं, आईकडून लेकीकडे.

काशीराम पायांत चपला सरकवून बाहेर पडला. आगाशीला गेला नाही. दिवे लागायच्या वेळेला परत आला, सदरा चिखलानं भरलेला, बहुतेक बांधावरूनच हिंडत होता. पाणी मागितलं. प्यायला. मग देव्हाऱ्याकडे बघत म्हणाला, "कल्पेशच्या बापाला निरोप धाडा. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघा म्हनावं."

हंसाकडे त्यानं पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस पाहिलं नाही.

निधी रडत येऊन तिच्या गळ्यात पडली. हंसानं तिची पाठ थोपटली. आपल्याला मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. दोष होता तोवर निदान कारण होतं. देवीनं केलं, रीतीनं केलं, आपल्या कुशीनं केलं, असं, खरं ठाऊक असूनही, मनाला सांगता येत होतं. आता ती पंधरा वर्षं नुसतीच पडून होती, कारणाशिवाय, पोकळ अंड्यांच्या तराफ्यासारखी, बाहेरून अगदी धड.

लग्न मार्गशीर्षात झालं. सासरी जायला गाडीरस्ता होता, पण वऱ्हाड खाडीनंच न्यायचं असं कल्पेशच्या घरच्यांनी ठरवलं. इंजिनाची होडी होती, तरी तांडेलानं सांगून टाकलं, सूर्य उतरायच्या आत निघायचं तर ओहोटीवरच निघावं लागेल. काशीराम क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "निघा."

धक्क्यावर बाया जमल्या. हंसा मागे, जाळी सुकवायच्या बांबूंपाशी उभी राहिली. परत आलेल्या बाईची मांडवातली जागा तीच, आणि ती कुणी बदला म्हणालं नव्हतं. होडीत निधी हिरव्या शालूत बसली. सगळ्यांनी जयवंतीकडे पाहिलं, कारण गळा तिचा. तिनं सवयीनं तोंड उघडलं, "भरतीच्या पान्यावर..." आणि थांबली. पाणी तर उतरत होतं. खुंटाला चिखल दिसू लागला होता.

"शब्द फिरव गो," कुणीतरी म्हणालं.

"फिरवून काय ठेवू? ओहोटी कशी घालू लग्नाच्या गान्यात?" जयवंतीचा आवाज फुटला. एक-दोघी खुदकन हसल्या, मग त्याही गप्प झाल्या. अठरा वर्षांपूर्वी याच धक्क्यावर अशीच शांतता होती. हंसाला आपल्या पायांवर चढणारं ते गार पाणी आठवलं.

तिनं ठरवलं नव्हतं. बांबूंपाशी उभ्या उभ्या, न चढवलेल्या आवाजात तिच्या तोंडून ओळ गेली:

ओहोटीचं पानी बाय, जातं आपुल्या माहेरा गो,
धाड माजी लेक दर्या, तिला नको आहेरा गो.

बाया वळून बघत राहिल्या. मग जयवंतीनं ती ओळ उचलली, घोगऱ्या गळ्यानं, चालीत नीट न बसणारी. दुसरीनं उचलली. तिसऱ्या वेळेला सगळ्या म्हणत होत्या, एक शब्द मागे, एक शब्द पुढे.

"आत्या!" होडीतून निधी ओरडली. "पुढे ये ना!"

हंसा दोन पावलं पुढे आली. मधे बाया होत्या. त्यांनी वाट दिली नाही आणि अडवलंही नाही. तिथूनच तिनं हात वर केला. होडी उतरत्या पाण्यावर अशी सरळ गेली की तांडेलानं इंजिनसुद्धा उशिरा लावलं. पल्याडच्या बांधावर, मिठाच्या ढिगांपाशी, एक माणूस एकटा उभा दिसत होता.

बाया घरी वळल्या. जयवंती तिच्यापाशी थांबली, काही बोलावं अशी. मग म्हणाली, "दुसरी ओळ परत सांग. इसरंल."

हंसानं सांगितली.

मग ती पापडीच्या वाटेला लागली, लग्नाच्या साडीतच. सरमिसळ पिंजऱ्यातल्या माद्यांना खायला घालायचं राहिलं होतं, आणि अल्याडच्या तबकांत कोष तयार झाले असणार. आज वेगळे केले नाहीत तर उद्या उडतील. कुलूप काढून ती मधल्या जागेत शिरली, पाठीमागचं दार ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते चाचपून पाहिलं. आतून त्यांचा बारीक सूर येत होता. ती जरा वेळ ऐकत राहिली, आणि मग दुसरं दार उघडलं.